चढ, वारा आणि थांबे : रत्नागिरी-गणपतीपुळे सायकलफेरीतील मार्गदर्शकाचे काम

रत्नागिरी शहरातून निघून शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे आणि भंडारपुळे या गावांवरून गणपतीपुळे व मालगुंड गाठावे आणि परतीला समुद्राकडे पाठ करून जाकादेवी, निवळी, हातखंबा या आतल्या वाटेने पुन्हा शहरात यावे, अशी एक सायकलफेरी आहे. सारे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सपाटीवर सराव केलेल्या माणसाला ते फारसे वाटू नये. तरीही पुण्या-मुंबईहून आलेला तयारीचा सायकलस्वार या फेरीत दुपारपर्यंत पार थकून जातो आणि वयाने मोठा, साधी सायकल चालवणारा स्थानिक माणूस मात्र ती सावकाश, न कुरकुरता पुरी करतो, असे पुष्कळदा दिसते. या फरकाला पायांतले बळ जितके कारण आहे, त्याहून अधिक वाटेची जाण कारण आहे. अशा फेरीवर गट घेऊन जाणाऱ्या मार्गदर्शकाच्या कामाचा गाभा म्हणूनच क्रम ठरवण्यात आहे: केव्हा निघायचे, कुठे थांबायचे, कोणती गोष्ट कोणत्या जागी सांगायची आणि कोणते सुंदर ठिकाण न थांबता मागे टाकायचे.

या पट्ट्याचा पाया जांभा हा खडक आहे. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात मूळच्या खडकाची दीर्घकाळ झीज होऊन, विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली की हा तांबूस, सच्छिद्र खडक तयार होतो. खाणीतून त्याचे चिरे काढले जातात आणि घरे, गडगे, विहिरी, देवळे सारे त्यातूनच उभे राहते. जांभ्याच्या उंच, उघड्या आणि बऱ्याच अंशी सपाट माथ्याला सडा म्हणतात. हे सडे नद्यांनी चिरलेले आहेत, नद्यांच्या मुखांत भरतीचे पाणी आत शिरून खाड्या झाल्या आहेत आणि गावे खाडीकाठी किंवा सड्याच्या पायथ्याशी, नारळी-पोफळीच्या आगरांत वसली आहेत. त्यामुळे किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याला सपाटी फार थोडी लाभते. तो सड्यावरून खाडीच्या पुलापर्यंत उतरतो आणि पूल ओलांडताच पुन्हा चढाला लागतो. सह्याद्रीतल्या घाटाच्या मानाने यांतला एकेक चढ किरकोळच म्हणावा लागेल, पण घाट एकदा चढला की संपतो आणि इथले चढ मात्र संपले असे वाटताच पुन्हा समोर येतात. शरीराला लय सापडू न देणारा हा प्रकार नवख्याला लांबलचक घाटापेक्षाही जड जातो.

खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा गणपतीपुळ्याला जाणारी गाडीवाट निवळीवरून, म्हणजे आतल्या बाजूने वळसा घेऊन जात असे, आणि किनाऱ्याने जायचे तर खाडीखाडीला होडीने पलीकडे जावे लागे. पूल झाल्यावर किनाऱ्याचा रस्ता जवळचा झाला आणि आज तो रेवसपासून रेडीपर्यंत जाणाऱ्या सागरी मार्गाचा भाग मानला जातो. जाताना नवी वाट आणि येताना जुनी वाट अशी ही फेरी असल्याने कोकणातील दळणवळणाचे दोन कालखंड एकाच दिवसात पायांखालून जातात. ही गोष्ट गटाला निघण्यापूर्वी सांगितली, तर परतीच्या प्रवासाकडे उरलेले अंतर एवढ्याच नजरेने पाहिले जात नाही. माणसे आतल्या गावांकडेही लक्ष देऊन पाहू लागतात.

निघण्याची वेळ वारा ठरवतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारे म्हणतात. दिवस चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून आत येणारे खारे वारे सुरू होतात. शाळेच्या भूगोलात वाचलेले हे दोन शब्द सायकलच्या हँडलवर हात असताना फार निराळे कळतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. गणपतीपुळे शहराच्या उत्तरेला असल्याने उशिरा निघालेल्या गटाला तो थेट तोंडावर घ्यावा लागतो आणि उघड्या सड्यावर उतारालासुद्धा पायडल मारत राहावे लागते. उजाडण्यापूर्वी निघालेला गट मात्र वारा पडलेला असताना किनारा मागे टाकतो आणि परतताना, दक्षिणेकडे तोंड असताना, तोच वारा पाठीशी येतो. फेरी उलट दिशेने केली तर हा सारा हिशेब बिघडतो. नकाशात फेरीला दोन्ही दिशा सारख्याच दिसतात, पण अनुभवी मार्गदर्शक हिवाळ्यात तिची दिशा सहसा बदलत नाही.

पहाटे शहर सोडताना रत्नदुर्ग, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला भगवती किल्ला, डाव्या हाताला राहतो. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भूशिरावर तो पसरलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे आणि दुसऱ्या टोकाला १८६७ सालचे दीपगृह आहे. गडाच्या कुशीत मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आहे, कारण त्या भूशिरामुळेच बंदराला आडोसा मिळतो. किल्ला, दीपगृह आणि मच्छीमारांच्या नौका या तीन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ का आहेत, हे उंचावरून एकदा पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही सकाळी तिथे चढून जाणे टाळलेले बरे, कारण थंड स्नायूंवर पहिलाच चढ घेतला तर त्याची भरपाई पुढे दिवसभर करावी लागते, आणि तितक्या वेळात वारा उठायला लागतो. गडाचे नाव सांगावे, हात करून दाखवावा आणि पुढे निघावे. इथे थांबण्याचा मोह मार्गदर्शकाने आधी स्वतः आवरावा लागतो.

बंदराजवळच्या रस्त्यांवर आणखी एक काळजी घ्यावी लागते. मासळी वाहून नेणाऱ्या टेंपोंतून बर्फाचे आणि मासळीचे पाणी रस्त्यावर ठिबकत जाते. त्यात तेलकटपणा असतो, आणि वळणावर त्याचा ओला पट्टा आला तर अरुंद टायर क्षणात घसरतो. असा पट्टा दिसताच पुढच्या स्वाराने हात खाली करून खूण करायची, ब्रेक वळणाच्या आधी दाबून मोकळा करायचा आणि वळणात सायकल शक्य तितकी सरळ ठेवायची, हा धडा शहराबाहेर पडण्यापूर्वीच द्यावा लागतो. पुळणीलगतच्या रस्त्यावर हीच गोष्ट वाऱ्याने येऊन साचलेल्या वाळूची. पुळण म्हणजे समुद्राची वाळूची किनारपट्टी, आणि कोरडी वाळू डांबरावर पातळ पसरली की लांबून दिसत नाही.

चढ चढण्याच्या तंत्रात गिअरला जितके महत्त्व दिले जाते, त्याहून अधिक ते गिअर बदलण्याच्या वेळेला द्यायला हवे. पायडलच्या दर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना कॅडन्स म्हणतात. चढावर तो साठ-सत्तरच्या खाली गेला की भार दमावरून उतरून मांड्या आणि गुडघ्यांवर येतो. साखरतरच्या पुढे उतारावरून वेगाने येणारा स्वार जड गिअरमध्येच पूल ओलांडतो, चढ सुरू झाल्यावर वेग मंदावतो, मग तो घाईने हलका गिअर टाकू लागतो. त्या वेळी चेनवर सगळा ताण असतो, ती कडकडते, दात सोडते, कधी उतरते, आणि स्वार चढाच्या मध्यावर पाय टेकून उभा राहतो. थांबलेली सायकल चढावर पुन्हा सुरू करणे हे चढण्यापेक्षा कठीण. यावरचा उपाय साधा आहे: पुलाचा कठडा दिसला की, वेग असतानाच, दोन पायऱ्या हलका गिअर घ्यावा. गटातले लोक हा नियम पहिल्या चढाला विसरतात, दुसऱ्याला आठवतात आणि तिसऱ्यापासून तो त्यांच्या हाताला आपोआप येतो. तिसरा चढ आल्याखेरीज शिकवणे पुरे होत नाही, हे एकदा ध्यानात आले की पहिल्या चढावर ओरडून सूचना देण्याची सवय मार्गदर्शक सोडून देतो.

आरे आणि वारे या जोडगावांचा भाग हा सबंध फेरीचा मानबिंदू आहे, आणि मार्गदर्शकाच्या कामाची खरी परीक्षाही तिथेच होते. सुरूच्या बनाच्या कडेने रस्ता जवळजवळ समुद्राच्या पातळीला येतो, उजवीकडे खाडीचे शांत पाणी आणि डावीकडे लाटा अशी स्थिती काही अंतर राहते, आणि मग समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर वळणे घेत रस्ता वर चढतो. माथ्यावरून पाहिले की पुळणीची लांब कमान, तिच्यावर एकामागून एक येणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेघा आणि तिच्या पाठीशी सुरूचा गर्द हिरवा पट्टा असे सारे एका दृष्टिक्षेपात येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतका उघडा, इतका विस्तीर्ण देखावा डांबरी रस्त्यावरून फार थोड्या ठिकाणी दिसतो, आणि तो पाहण्याचा हक्क सायकलवरून चढून आलेल्या माणसाला जरा जास्तच पोहोचतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

नेमके याच जागी बोलू नये. दम लागलेल्या माणसाच्या कानावर पडलेला इतिहास त्याच्या मनापर्यंत जात नाही; नाडी उतरायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात त्याला पाणी हवे असते, सावली हवी असते आणि समोर पाहत राहायचे असते. म्हणून भरती-ओहोटीबद्दल, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा का साठतो याबद्दल आणि सुरूची लागवड किनाऱ्यावर का केली जाते याबद्दल जे सांगायचे ते चढाच्या आधी, बनाच्या सावलीत सांगून टाकावे. समुद्रावरून येणारा वारा आणि उडती वाळू अडवण्यासाठी वनखात्याने किनाऱ्यांवर सुरू लावला, हे तिथे झाडाला पाठ टेकून ऐकलेला माणूस वर गेल्यावर तो हिरवा पट्टा निराळ्या नजरेने पाहतो. माथ्यावर मार्गदर्शकाने एवढेच करावे की सायकली रस्त्याच्या आतल्या, डोंगराच्या बाजूला लावून घ्याव्यात, कारण वळणावर एसटी आणि पर्यटकांच्या गाड्या यांना अरुंद रस्त्यातून जायचे असते, आणि फोटो काढण्याच्या नादात मागे मागे सरकणाऱ्यांवर लक्ष ठेवावे.

पाण्यात उतरण्याचा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. आरे-वारे काय किंवा गणपतीपुळे काय, हे किनारे पोहण्यासाठी धोक्याचे आहेत. किनाऱ्यालगतच उतार एकदम वाढतो आणि परतणाऱ्या लाटेचे पाणी एखाद्या फटीतून जोराने आत ओढून नेते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, जेव्हा भरती-ओहोटीतील फरक सर्वांत मोठा असतो आणि त्या भरतीला उधाण म्हणतात, तेव्हा हा ओढा आणखी वाढतो. किनाऱ्यावर माणसे बुडाल्याच्या दुर्दैवी घटना इथे वारंवार घडलेल्या आहेत. दमलेल्या पायांनी पाण्यात जाऊ देणे हा मार्गदर्शकाच्या कर्तव्यातील सर्वांत मोठा कसूर ठरेल. इथे रुसवे झाले तरी नकार ठाम असावा.

गणपतीपुळ्यात पोहोचेपर्यंत ऊन तापायला लागलेले असते. इथला गणपती स्वयंभू मानला जातो आणि देवळामागची टेकडीच देवाचे रूप समजली जाते, म्हणून प्रदक्षिणा टेकडीभोवती घालायची. ती सुमारे एक किलोमीटरची आहे. सायकलच्या खास बुटांच्या तळाला पायडलमध्ये अडकणारी कडक पट्टी असते, तिला क्लीट म्हणतात. ती घालून चिऱ्यांच्या वाटेवर चालणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण, त्यामुळे बूट देवळाबाहेर काढून अनवाणी किंवा साध्या चपलांनी चालणे रीतीलाही धरून आहे आणि सोयीचेही. सकाळभर वाकून, एकाच कोनात फिरत राहिलेल्या पायांना या चालण्याने जो मोकळेपणा येतो तो कोणत्याही व्यायामाने येणार नाही. श्रद्धेने घातलेली प्रदक्षिणा आणि पोटऱ्यांना मिळालेला ताण हे एकाच वेळी व्हावे, यात देवाचा काही अवमान होतो असे स्थानिक पुजारी किंवा भाविक मानताना दिसत नाहीत. मात्र घट्ट कपड्यांवरून एखादा साधा सदरा किंवा पंचा घ्यावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती आधीच सांगून ठेवावी.

मालगुंड तिथून अगदी जवळ. आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जाणारे केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ मध्ये याच गावात झाला. इंग्रजीतील चौदा ओळींचा काव्यप्रकार त्यांनी मराठीत रुजवला आणि तो पुढे सुनीत या नावाने ओळखला गेला. त्यांच्या जन्मघराचे जतन करून १९९४ मध्ये इथे स्मारक उभे राहिले. बहुतेक गट गणपतीपुळ्यातूनच परत फिरतात आणि मालगुंड राहून जाते, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण सबंध फेरीत शांतपणे बसण्यासाठी याहून चांगली जागा नाही. शेणाने सारवलेली जमीन, उतरते छप्पर, आतला गारवा असे ते घर. इथे आल्यावर गटातला एखादा, सकाळपासून वेग आणि अंतर यांखेरीज काही न बोललेला माणूस, शाळेत पाठ केलेली कविता आठवू लागतो. थांबा लांबतो, आणि मार्गदर्शक तो लांबू देतो.

परतीचा रस्ता जाकादेवीमार्गे सड्यावर चढतो. इथे समुद्र नाही, सावली थोडी, आंब्या-काजूच्या बागा, चिरेखाणी आणि मधून मधून एखादी वाडी. रत्नागिरी-राजापूर भागातील अशा सड्यांवर जांभ्याच्या पृष्ठावर कोरलेली मोठमोठी चित्रे आढळली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. उक्षीच्या सड्यावरची हत्तीची आकृती आणि जांभरुणची चित्रे यांच्यासह कोकणातील काही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये आली. ही ठिकाणे फेरीच्या वाटेपासून बाजूला आहेत आणि दुपारच्या उन्हात तिकडे वळणे शहाणपणाचे नाही. उंचावरून किंवा तिरप्या उन्हातच त्यांच्या रेषा उठून दिसतात. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. सड्यावर मार्गदर्शकाचे लक्ष पाण्याकडे असावे. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी व क्षार मात्र जात राहतात. स्वार गप्प होऊ लागले की वाडीतल्या दुकानाशी थांबून मीठ घातलेले कोकम सरबत प्रत्येकाला आग्रहाने पाजावे.

निवळीपासून हातखंब्यापर्यंतचा मुंबई-गोवा महामार्ग हा फेरीतील सर्वांत नकोसा तुकडा. अवजड वाहने, उतार आणि वेग यांचा मेळ तिथे वाईट बसतो. एका ओळीत, डाव्या कडेने, दोन सायकलींत पुरेसे अंतर ठेवून तो पार करावा आणि त्याविषयी अधिक काही बोलू नये.

शहरात परतल्यावर थिबा राजवाडा ठेवावा, सकाळी नव्हे. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेश जिंकला आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षांच्या बंदिवासातील अखेरची थोडी वर्षेच काय ती त्याला या वास्तूत मिळाली. जांभ्याच्या भिंती, उतरती कौले आणि रंगीत काचांच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या असलेली ही इमारत भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभी आहे. दिवसभर ज्या दगडावरून सायकल चालवली, त्याच दगडात परक्या राजाचा तुरुंग बांधला गेला, ही गोष्ट भिंतीच्या खडबडीत चिऱ्यावर तळहात ठेवून सांगितली की ऐकणारा विसरत नाही. राजाच्या थोरल्या मुलीचा वंश पुढे रत्नागिरीतच वाढला आणि मराठी बोलू लागला, तर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी येऊन राजाच्या समाधीचे दर्शन घेतले. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, आणि सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने उभे राहून १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले झालेले पतितपावन मंदिर ही शहरातली स्थळे संध्याकाळी पायी पाहण्याची आहेत. सायकलवरून ती नुसती ओलांडली जातात.

फेरी संपली तरी काम संपत नाही. खाऱ्या हवेतले मीठ चेनवर, स्पोकच्या टोकांवर आणि ब्रेकच्या तारांवर बसते आणि एका रात्रीत तांबूस छटा धरते. गोड्या पाण्याने सायकल हलकेच धुऊन, कोरडी पुसून, चेनच्या प्रत्येक दुव्यात तेलाचा थेंब सोडून जास्तीचे तेल फडक्याने काढावे लागते, नाहीतर त्यावर सड्याची लाल धूळ चिकटून घासणारा लगदा तयार होतो.

नव्या मार्गदर्शकाला तयार करताना त्याला प्रथम गटाच्या शेवटी ठेवतात. या जागेला स्वीप म्हणतात, आणि सर्वांत मागे राहणाऱ्या स्वाराच्याही मागे राहणे हे तिचे काम. पुढे असणाऱ्याला रस्ता दिसतो, मागे असणाऱ्याला माणसे दिसतात: कुणाचे खांदे चढावर डुलू लागले, कुणी पाण्याच्या बाटलीला बराच वेळ हात लावला नाही, कोण गिअर उशिरा बदलतो, कुणाला देखाव्यापेक्षा पाच मिनिटे बूड टेकण्याची गरज अधिक आहे. हिवाळ्याचा एक संपूर्ण हंगाम असे मागून पाहिल्यावर त्याला पावसाळ्यातली वाट दाखवतात, कारण जून ते सप्टेंबरमध्ये वारा नैऋत्येचा, डांबरावर शेवाळ आणि पुलांवर धुके असते व थांब्यांचा सारा क्रम नव्याने बसवावा लागतो. तो क्रम त्याने स्वतः बसवून दाखवला, की मगच गट त्याच्या हाती सोपवला जातो.